वरच्या दर्जाच्या मॅन्डोलिनच्या किमती: वाजवणाऱ्याला परवडतं का हो हे?

चारजोड्या:
हाताने कोरलेल्या आर्चटॉप (टॉप म्हणजे वरची फळी, ती व्हायोलिनसारखी फुगीर) मॅन्डोलिनच्या किमतींबद्दल नीट चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताचा जनक बिल मन्रो याने 1940च्या दशकात त्याचं गिब्सन कंपनीचं एफ-5 मायामीच्या एका न्हाव्याच्या दुकानातून 150 डॉलरला घेतलं, हे ब्लूग्रास ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यावर गिब्सनच्या तेव्हाच्या रचनाकाराची, लॉइड लोरची सही आणि तारीख आहे, 9 जुलै 1923. आज त्या वर्षातल्या सहीच्या एफ-5ची किंमत सहा आकडी डॉलरमध्ये असते. आणि हे फक्त जुन्या वाद्यांचं नाही. आज हयात असलेल्या चांगल्या कारागिराकडे नवं एफ (वळसा आणि टोकं असलेल्या आकाराचं) करून घ्यायचं तरी पाच आकडी डॉलरची तयारी ठेवावी लागते, वर प्रतीक्षायादी वेगळीच.

माझं मत असं, की वाद्य वाजवणाऱ्यांच्या हातातून निसटून संग्राहकांकडे चाललंय. प्रश्न दोन. हे पैसे नेमके कशाचे? आणि आठवड्याला चार-पाच दिवस वाजवणाऱ्या माणसाने किंमतीच्या कुठल्या पायरीवर थांबावं?

ट्रेमोलो:
दोन वेगळे बाजार आहेत, ते आधी सुटे करू या. लोरची सही असलेली वाद्यं फक्त 1922 ते 1924 या काळातली. तो 1924च्या शेवटी गिब्सनमधून बाहेर पडला. म्हणजे पुरवठा कायमचा बंद. त्यांचा भाव आवाजापेक्षा दुर्मीळपणावर ठरतो. याचा पुरावा हवा असेल तर त्याच कारखान्यात लोर गेल्यावर लगेच बनलेली ‘फर्न’ एफ-5 बघा. जवळपास तेच हात, तेच लाकूड, फक्त सही नाही. किंमत खूप खाली.

शिवाय हा बाजार नेहमी वरच जातो असंही नाही. 2008च्या मंदीआधी लोरचे भाव चढले होते आणि नंतर चांगलेच घसरले. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

नव्या हस्तनिर्मित वाद्याचं गणित मात्र पूर्णपणे तासांचं आहे. त्यावर रंधा लिहितील तर बरं.

रंधा:
लिहितो. एकट्या कारागिराचं दुकान धरा, सगळं काम हाताने. ए (साध्या, थेंबासारख्या) आकाराच्या मॅन्डोलिनला साधारण 80 ते 100 तास, एफला 150 ते 200. म्हणजे जवळपास दुप्पट. ही वाढ कुठून येते ते सांगतो.

ए आकाराच्या कडा म्हणजे वाफेने वाकवलेल्या दोन पट्ट्या. एफला वरच्या अंगाचा गोल वळसा (स्क्रोल) आणि खालच्या बाजूची दोन टोकं असल्यामुळे कडांचे जास्त तुकडे, टोकांना आतून आधाराचे ठोकळे आणि स्क्रोलभोवती अत्यंत लहान त्रिज्येचं वळण. नक्षीदार मेपलमध्ये तंतू सरळ नसतात, लाटेसारखे वरखाली जातात. 2 मिमीच्या आसपास जाडीची पट्टी तिथे वाकवताना लाटेवरच चिरते. चिरली की नवी पट्टी आणि नवा दिवस.

मग बाइंडिंग. कडेला पांढरी-काळी-पांढरी अशी तिहेरी पट्टी बसवायची. स्क्रोलच्या आतल्या वळणात खोबण यंत्राने पूर्ण कापता येत नाही, शेवटचा भाग छिन्नीने करावा लागतो. सेल्युलॉइड गरम करून वाकवताना तिन्ही थर एकमेकांवरून सरकतात आणि काळी रेघ एका जागी जाड, दुसरीकडे बारीक दिसायला लागते. टोकांवर पट्ट्या 45 अंशांत जुळवायच्या. तिथे केसभर फट राहिली तरी गिऱ्हाइकाला पहिली तीच दिसते. फक्त बाइंडिंगचं काम एफमध्ये कित्येक दिवस खातं.

शेवटी फिनिश. स्क्रोलच्या खाचेत कागद घालून घासणं आणि तिथे रंगछटा एकसारखी आणणं हे सपाट भागाच्या कितीतरी पट वेळखाऊ. स्पिरिट व्हार्निश हाताने चढवायचं तर पातळ थर, मध्ये वाळण्याची वाट, असं आठवडेच्या आठवडे चालतं.

आता महत्त्वाचं. यातल्या कशानेही आवाजात फारसा फरक पडत नाही. आवाज ठरतो टॉपच्या कोरणीत. मध्यभागी साधारण 4.5 ते 5 मिमी, कडेजवळच्या खोलगट पट्ट्यात 2.5 ते 3 मिमी. त्या पट्ट्यात 0.2 मिमी कमी-जास्त झालं तरी फरक ऐकू येतो. तिथली मेहनत ए आणि एफ दोन्हीत सारखीच.

निषाद:
रंधा, फार उपयोगी माहिती. पण लाकूड? ॲडिरॉन्डॅक स्प्रूस मिळेनासा झाला म्हणून भाव वाढले असं सगळीकडे वाचायला मिळतं.

लाकूडवेडा:
अर्धसत्य आहे. रेड स्प्रूसची म्हणजे ॲडिरॉन्डॅकची मोठी झाडं विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातच भरमसाट तोडली गेली, हे खरं. त्याचा फटका गिटारला बसला, कारण गिटारच्या टॉपचा अर्धा भागच आठ इंच रुंद लागतो. मॅन्डोलिनचं अंग सगळं मिळून दहा इंच. दोन तुकडे जोडून टॉप करतात, त्यामुळे पाच-साडेपाच इंच रुंदीची पाचर पुरते. तेवढी आजच्या मध्यम झाडांतूनही निघते. एंगलमन, सिट्का, युरोपियन स्प्रूस हे पर्याय आहेतच.

मेपलच्या नक्षीला मात्र जास्त पैसे पडतात, आणि ती नक्षी केवळ डोळ्यांसाठी. एकूण लाकडाचा खर्च उत्तम दर्जाचा धरला तरी काही शे डॉलर. पाच आकडी किंमतीत तो कुठे दिसतही नाही. कारागीर ‘दुर्मीळ लाकूड’ हे कारण पुढे करत असेल तर तासांचा हिशेब मागा.

मेपल:
एफला आवाजाच्या दृष्टीने अर्थ नाही हे मान्य, पण व्यवहाराच्या दृष्टीने आहे. पट्टा स्क्रोलला अडकवता येतो, मांडीवर खालचं टोक टेकतं, वाद्य सरकत नाही. आणि विकायला गेलात तर ब्लूग्रासवाले एफच शोधतात. ए घेताना वाचवलेले पैसे विकताना कमी मिळालेल्या पैशांत थोडेफार जातात. पूर्ण चित्र मांडायला हवं.

चारजोड्या:
@मेपल, पण टक्केवारीत बघू नका, रकमेत बघा. ए पडेल भावाने विकलं तरी बुडणारी रक्कम लहान असते. एफमध्ये अडकलेलं भांडवलच दुप्पट. गरज पडली तेव्हा एवढं महागडं वाद्य घेणारं गिऱ्हाईक दोन महिन्यांत सापडेलच याची खात्री कोण देणार?

ट्रेमोलो:
चारजोड्यांशी सहमत. एक गंमत सांगतो. लोरच्या सहीचं ए-5 आजवर एकच माहीत आहे. म्हणजे एफ-होल (टॉपवरची f अक्षरासारखी छिद्रं), लांब मान, पंधराव्या फ्रेटला (पडद्याला) जोड, ही सगळी रचना ए आकारात घालणं तेव्हाच सुचलं होतं. ते बाजारात रुजलं मात्र खूप उशिरा. आज कॉलिंग्ज कंपनीचं एमटी (ए आकार) आणि एमएफ (एफ आकार) शेजारी ठेवा. एफ-होल, कोरीव टॉप, लांबी सारखी. फरक स्क्रोल आणि टोकांचा, आणि किंमतीतला फरक भरपूर.

गत:
उच्च दर्जाचं वाद्य म्हणजे कोरीवच, हे कोणी ठरवलं? यू. श्रीनिवास (1969–2014) आयुष्यभर भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक मॅन्डोलिनवर कर्नाटक संगीत वाजवत राहिले. तारा पाच, जोड्या नाहीत. गमकासाठी तार ओढायची तर जोडतार अडचणच करते. त्या वाद्यात कोरणी नाही, पोकळ पेटी नाही. तिथे पैसे पिकअप, फ्रेट आणि मानेच्या सरळपणावर घालायचे.

रंधा:
@गत, अगदी बरोबर, आणि धाग्याला लागू. आधी संगीत, मग वाद्य. मैफलीत माइकशिवाय चॉप (बोटं लगेच सैल सोडून काढलेला कोरडा, तुटक आघात) पोचवायचा असेल तर कोरीव एफ-होल वाद्याला पर्याय नाही. मींड-गमक करायचे असतील तर तेच वाद्य अडथळा होतं. आणि लांबणारा गोल स्वर हवा असेल तर अंडाकृती छिद्राचं बघा. त्यात मान बाराव्या फ्रेटला जोडलेली असते, ब्रिज (तारांखालची घोडी) वेगळ्या जागी येतो आणि चॉप कोरडा निघत नाही. पण ट्रेमोलो (भराभर आघातांनी लांबवलेला स्वर) सुंदर.

निषाद:
आवाजाचा फरक खरंच कळतो का? व्हायोलिनवर अंध चाचण्या झाल्यात. संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारे जोसेफ कर्टिन यांनी 2010 मध्ये इंडियानापोलिसला वादकांना गडद चष्मे घालून जुनी-नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. वादकांना स्ट्रॅडिव्हरी (नावाजलेली जुनी इटालियन व्हायोलिनं) ओळखता आली नाहीत, उलट जास्त पसंती नव्या वाद्याला मिळाली.

लाकूडवेडा:
चाचणी चांगली होती, पण तिच्यातून मॅन्डोलिनबद्दल थेट निष्कर्ष काढू नका. व्हायोलिनमध्ये गज सतत ऊर्जा देतो. मॅन्डोलिनमध्ये एक आघात, मग स्वर विझत जातो. त्यामुळे टॉप किती हलका आणि किती कडक हे इथे जास्त उघडं पडतं. सुरुवातीच्या आणि मधल्या पायरीतला फरक कुणालाही ऐकू येतो. मधल्या आणि सर्वात वरच्या पायरीत मात्र चाचणी घ्यायलाच हवी. घेताना एकच पिक (तार छेडायची पातळ चकती), नव्या तारांचा एकच संच, एकच वादक, आणि ऐकणाऱ्याची पाठ. हे चार नियम पाळले नाहीत तर तुम्ही तारांचं वय मोजताय.

घोडी_सरळ:
सगळे लाकडावर आणि स्क्रोलवर बोलताय, सेटअपवर (वाद्याच्या जुळवणीवर) कोणीच नाही! मधल्या दर्जाच्या वाद्याबद्दलच्या अर्ध्या तक्रारी ब्रिज आणि नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) असतात. क्रमाने लिहितो, क्रम मोडू नका.

आधी मान. तार पहिल्या फ्रेटला आणि मान जिथे अंगाला मिळते त्या फ्रेटला दाबा, मध्ये सहाव्या-सातव्या फ्रेटवर 0.1 मिमीच्या आसपास फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा दांडा) एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून बघा.

मग नट. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद जेमतेम सरकेल एवढीच जागा हवी. कारखान्यातून आलेल्या बहुतेक वाद्यांत नट उंच सोडलेला असतो. त्यामुळे पहिल्या तीन फ्रेटवर सूर चढा लागतो, बोटं दुखतात आणि माणूस म्हणतो वाद्यच वाईट. खाचा तारेच्या जाडीच्याच कानशीने कापायच्या. 11, 15, 26, 40 (इंचाचे हजारावे भाग) असा मध्यम संच असेल तर त्याच मापाच्या कानशी. खाच रुंद झाली की तार झणझणते, अरुंद राहिली की अडकून टक्कन सुटते आणि सूर हलतो.

नंतर ब्रिजचा तळ. हे सर्वात दुर्लक्षित काम. ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर उभा असतो, आणि आठ तारांचा एकूण ताण दीडशे पौंडांच्या वर. तळ टॉपच्या वळणाला पूर्ण टेकायला हवा. टॉपवर 120 नंबरचा काचकागद खरखरीत बाजू वर करून चिकटपट्टीने बसवा, ब्रिजचा तळ तारांच्या दिशेने पुढे-मागे घासा, मग 220 ने. मागून बॅटरी लावून बघा, प्रकाशाची रेघ दिसली की अजून घासा. घासताना ब्रिज उभाच धरा. हात डुलला तर तळ गोल होतो आणि केलेलं काम वाया.

शेवटी उंची आणि जागा. बाराव्या फ्रेटवर ई तार (सर्वात बारीक) 1.5 मिमीच्या आसपास, जी तार (सर्वात जाड) थोडी जास्त, 1.8 ते 2. ब्रिजची उंची बदलणारी चाकं फिरवताना तारा सैल करा, नाहीतर आटे झिजतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर जुळेपर्यंत ब्रिज सरकवा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिज मागे (नटपासून दूर), उतरलेला असेल तर पुढे.

तारा बदलताना एका वेळी एकच जोडी. सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज पडतो आणि लावलेली जागा जाते.

मेपल:
@घोडी_सरळ, हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवावा असा आहे. एक भर: सुरात लावताना तारा ब्रिजचा माथा हळूहळू नटकडे ओढतात. दर वेळी बाजूने बघून तो सरळ करायचा. तसाच कललेला राहिला तर लाकूड वाकतं आणि ब्रिज बदलावा लागतो.

चॉपकर:
मला एक विचारायचंय. दुकानात मॅन्डोलिन पारखायचं तर काय वाजवावं? वेळ पाच मिनिटं मिळतो.

ट्रेमोलो:
चार बोटांचा जी चॉप: जी तारेवर 7वा फ्रेट, डी वर 5वा, ए वर 2रा, ई वर 3रा. आघात करा आणि बोटं लगेच सैल सोडा. कोरडा, घट्ट ‘टक’ आला पाहिजे आणि त्यात जी तारांचा स्वर ओळखू आला पाहिजे. मग ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर हळू ट्रेमोलो. तिथे आवाज पातळ पडतो की भरलेला राहतो, यातच दर्जा कळतो. तिसरं म्हणजे प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेक करून. एखादा स्वर मुका लागला तर फ्रेट सैल असू शकतो, आतलं काही सुटलेलंही असू शकतं.

रंधा:
जुनं घेणार असाल तर वाजवण्याआधी डोळ्यांनी बघा. सरळ पट्टी दोन्ही एफ-होलच्या मध्ये आडवी धरा. ब्रिजखाली टॉप बसलेला असेल तर खड्डा दिसतो. पट्टी फ्रेटवरून लांब धरली की ती ब्रिजच्या माथ्याजवळ यायला हवी. एफ-5 रचनेत ब्रिज साधारण 16 ते 18 मिमी उंच असतो. पट्टी फार खाली येत असेल तर मान पुढे आली आहे, आणि डवटेल जोड वाफेने उघडून बसवण्याचा खर्च किंमतीतून वजा करा. मानेच्या टाचेशी कागद घुसतो का बघा. टॉपवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी ठोका. झणझण आली तर टोन बार (टॉपला आतून चिकटवलेली आधारपट्टी) सुटलाय. ही दुरुस्ती एफ-होलमधून होते, पण सोपी नाही.

लोरच्या काळातल्या काही वाद्यांत आत ‘व्हर्झी’ नावाची लाकडी चकती टांगलेली असते. बऱ्याच जणांनी ती काढून टाकली. विकणाऱ्याकडे काढलेली चकती असेल तर ती घ्याच, मूळ सुट्या भागांनी किंमत टिकते. फक्त जुना सेल्युलॉइडचा पिकगार्ड वाद्याच्या पेटीत ठेवू नका. तो कुजताना वायू सोडतो आणि फ्रेट, टेलपीस (तारांची मागची टोकं अडकवायचा भाग) गंजवतो.

लाकूडवेडा:
दुसऱ्या देशातून घेताना कागदपत्रंही बघा. ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 1 मध्ये आहे. त्याचा फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची पट्टी) किंवा ब्रिज असेल तर परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. बाकीचं रोझवूड जानेवारी 2017 मध्ये परिशिष्ट 2 मध्ये गेलं. तयार वाद्यांना सूट मिळाली ती नोव्हेंबर 2019 मध्ये. मधल्या काळात अनेकांनी रोझवूड सोडून एबनी आणि इतर लाकडं घेतली. कासवाच्या पाठीचे जुने पिक तर विसराच.

चारजोड्या:
चर्चा छान झाली. आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ या. कुठे थांबावं?

रंधा:
स्पष्ट लिहितो. शिकणाऱ्याने ईस्टमन एमडी-305 किंवा केंटकी केएम-150 सारखं कोरीव ए घ्यावं आणि उरलेल्या पैशांतून सेटअप करून घ्यावा. प्लायवूडचं, कोरीव नसलेलं एफ दिसायला कितीही देखणं असलं तरी नको. तिथे स्क्रोलचे पैसे टॉपमधून कापलेले असतात.

रोज वाजवणाऱ्याने चांगल्या कारखान्याचं ए, कॉलिंग्ज एमटीच्या दर्जाचं, वापरलेलं बघावं. इथे आवाजाची चढण जवळपास संपते. पुढचे पैसे मुख्यतः स्क्रोल, फिनिश आणि नावाचे. जुनं आवडत असेल तर 1910-20च्या दशकातली अंडाकृती छिद्राची गिब्सन ए. ती अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत, कोरीव आहेत आणि शंभर वर्षं टिकलीत. फक्त 1922च्या आधीच्यांत ट्रस रॉड नसतो, मान वाकलेली असेल तर हात लावू नका.

मेपल:
आणि एफच हवं असेल तर नव्याच्या प्रतीक्षायादीत नाव घालण्याआधी गिब्सनचं 1978 नंतरचं एफ-5एल आणि अमेरिकेतल्या मोंटानात बनलेली 1980च्या दशकातली फ्लॅटआयर्न कंपनीची बघा. वाजवून आवाज खुललेली असतात, पहिल्या मालकाने सोसलेली घसरण तुम्हाला सोसावी लागत नाही.

चारजोड्या:
@रंधा, @मेपल, पटलं. मग संग्राहकांबद्दलची माझी तक्रार थोडी सुधारतो. लोर त्यांनी न्यावीत, त्याने आपलं वाजवणं अडत नाही. अडतं ते नव्या कारागिरांना ए बनवायची ऑर्डर कोणी देत नाही तेव्हा. सगळ्यांना एफ हवं, म्हणून तेही वर्षाला मोजकी एफ बनवतात आणि यादी लांबत जाते. आपण ए मागितलं तर त्याच तासांत जवळपास दुप्पट वाद्यं बाहेर पडतील.

रंधा:
अगदी. आणि ऑर्डर देताना मान रुंद हवी की अरुंद ते आधीच ठरवा. नट 1 1/8 इंच नेहमीचा, 1 3/16 जाड बोटांसाठी. एवढासा फरक, पण बनल्यावर बदलता येत नाही. फिंगरबोर्ड सपाट की गोलाई दिलेला, हेही तेव्हाच सांगा. आणि एकोणतिसाव्या फ्रेटपर्यंतचा लांब फिंगरबोर्ड मागू नका, तिथे पिक घासून खटखट येते. बरेच जण तो भाग नंतर खरवडून काढतात.

चॉपकर:
फिंगरबोर्डची गोलाई असेल तर ब्रिजलाही तेवढीच लागते का?

घोडी_सरळ:
हो, जवळपास तेवढीच. सपाट ब्रिज गोल फिंगरबोर्डवर लावला तर मधल्या डी आणि ए तारा फार खाली बसतात आणि झणझणतात. ब्रिजच्या माथ्याला गोलाईचा साचा लावून घासा, मग खाचा पुन्हा कापा. खाचेत तार अर्धीच बसली पाहिजे, पूर्ण बुडाली तर आवाज दबतो.